हेमलकशाची पुस्तके आणि त्यांचा वाचक

चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या जंगलाविषयी छापील मजकूर आधी आला तो सरकारी अहवालांतून. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी या मुलखाची मोजदाद सुरू केली. मेजर ल्युसी स्मिथ यांचा जमीन महसुलाच्या बंदोबस्तावरचा अहवाल १८६९ सालचा, तर जिल्ह्याचे गॅझेटियर १९०९ सालचे. अहेरीची जमीनदारी केवढी, साग कुठे उत्तम, कोणत्या जमिनीवर किती सारा बसतो, अशी माहिती त्यांत तपशिलाने येते. माडिया गोंडांचे वर्णनही येते, पण ते अंगावरचे कपडे, पीक आणि चालीरीती टिपून घेणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे. ज्याचे वर्णन केले त्याला त्याविषयी काय वाटते, हे त्यात कुठेच येत नाही. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. सरकारी कागदांत ते बंडखोर म्हणून राहिले, लोकांनी मात्र त्यांना गाण्यांत आणि आठवणींत जपले. छापलेला इतिहास आणि तोंडोतोंडी चाललेला इतिहास यांच्या वाटा या जिल्ह्यात तेव्हापासूनच वेगळ्या झाल्या.

तोंडी परंपरा इथे समृद्धच होती. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून झाले की तिथे दंडार, खडीगंमत आणि नाटके सुरू होतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटक मंडळ्यांचे केंद्र. शंकरपटाच्या निमित्ताने गावात पाहुणे जमतात आणि रात्रभर नाटक चालते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. झाडीबोलीतले शब्द, गाणी आणि कथा साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर गोळा केल्या. या भागातल्या माणसाने स्वतःचे सुखदुःख सांगितले ते असे मांडवात, हजारोंच्या समोर. एकट्याने बसून वाचण्याच्या पुस्तकात ते उशिरा आले. त्यातही झाडीपट्टी संपून दक्षिणेचे दाट जंगल सुरू होते तिथला माडिया या मराठी मांडवापासूनही दूरच होता. त्याची भाषा द्रविड कुळातली, त्याचे नाचगाणे गोटुलातले.

१९७९ साली चंद्रपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा तेव्हा झाला नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यामुळे संमेलन ज्या जिल्ह्यात भरले त्याच जिल्ह्यात माडियांच्या जंगलातले भामरागड होते. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा बाकी जगाशी संबंध तुटत असे. त्या गावांतल्या माणसांविषयी मराठीत काही वाचायचे तर त्या वेळी फारसे काही उपलब्धही नव्हते.

मराठी वाचक मात्र याच काळात एका वेगळ्या प्रकारच्या वाचनाला तयार होत होता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. तिच्यात एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर जातो आणि हळूहळू तिथला होतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली आणि कादंबरीतला ‘मी’ आणि लेखक यांच्यातले अंतर किती, हा प्रश्न वाचक विचारू लागला. मग दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली. आत्मचरित्र, आत्मकथन आणि आत्मचरित्रात्मक कादंबरी यांच्या सीमा या पुस्तकांनी पुसट केल्या. वाचक ती कादंबरीसारखी एका बैठकीत वाचत आणि साक्षीसारखी खरी मानत. पुस्तक मिटल्यावर ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची सोय कादंबरीत नसते, पण इथे ती होती. लेखक हयात होता, गाव नकाशावर होते. जंगलाच्या जिल्ह्यांतून आलेली पुस्तके या सवयीच्या वाचकाच्या हाती पडली, म्हणून ती इतकी खोल रुजली.

या पुस्तकांची सुरुवात वरोऱ्यापासून होते. बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ साली केली आणि आनंदवन उभे केले. पुढे १९६७ साली मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. तिथल्या श्रमसंस्कार छावण्यांना महाराष्ट्रभरातून तरुण येत. बाबांचे ‘ज्वाला आणि फुले’ हे मुक्त काव्याचे पुस्तक त्या पिढीने पाठ केले होते. त्यात आवाहन आहे, आवेश आहे, पण रोजचे जगणे नाही. ते मिळते त्यांच्या पत्नी साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’मध्ये. नागपूरच्या एका कर्मठ शास्त्री घराण्यातली मुलगी डिसेंबर १९४६ मध्ये लग्न करते आणि काही वर्षांत वरोऱ्याजवळच्या माळरानावर, विंचू-सापांच्या सोबतीत, कुष्ठरुग्णांसह संसार मांडते, ही त्या आत्मकथनाची हकिगत. घरात पीठ किती, दूध कुणाला, पाहुण्यांना वाढायचे काय, अशा प्रश्नांतून एका संस्थेचा इतिहास तिथे उलगडतो. आनंदवनाविषयी लिहिलेल्या सगळ्या गौरवग्रंथांपेक्षा हे पुस्तक मोलाचे आहे, कारण चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला जे दिसते ते व्यासपीठावरून दिसत नाही.

लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा इथे सुरू झाला. आलापल्लीपासून भामरागडच्या वाटेवर साठ-पासष्ट किलोमीटर आत, इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळ ही जागा आहे. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे नागपूरचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून तिथे गेले. भूलतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे त्यांच्याबरोबर होत्या. पक्का रस्ता नव्हता, वीज नव्हती, दवाखान्याची इमारतही नव्हती. माडिया लोक बाहेरचा माणूस दिसला की जंगलात निघून जात, कारण बाहेरून येणारा तोवर एक तर वनखात्याचा असे, नाही तर सावकार किंवा ठेकेदार. आजार म्हणजे कोप, त्यावर उपाय पुजाऱ्याकडे, ही समजूत पक्की होती. पहिले रुग्ण आले तेही सगळे उपाय हरल्यावर. अस्वलाने चेहरा फाडलेला, शेकोटीत भाजलेला, हिवताप मेंदूपर्यंत गेलेला, दोन दिवस अडलेली बाळंतीण. त्यातला एक बरा होऊन चालत गावी गेला की त्याच्या मागून चार जण येत. १९७६ साली आश्रमशाळा सुरू झाली, तीही अशीच एकेक मूल जमवत.

हा इतिहास वाचकापर्यंत सर्वांत आधी पोचवला तो प्राण्यांनी, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू प्रकाश आमटे यांनी मागून घेतले. त्यातून हेमलकशाचे प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. बिबटे, अस्वले, साप, हरणे, मगरी असा परिवार वाढत गेला. विलास मनोहर हे पुण्याचे; बाबांच्या मानसकन्या रेणुका यांचे पती. ते प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळापासून तिथे राहिले आणि या प्राण्यांच्या आठवणी त्यांनी ‘नेगल’ या पुस्तकात लिहिल्या. नेगल हा तिथला बिबट्या. दुसऱ्या भागाचे नाव ‘हेमलकशाचे सांगाती’. मराठी घरांतली शाळकरी मुले या पुस्तकामुळे हेमलकसा हे नाव शिकली. बिबट्या माणसाच्या मुलांबरोबर अंगणात वाढतो, हे वाचून आधी आश्चर्य वाटते. मग पानापानातून कळत जाते की या अंगणाभोवतीच्या गावांत माकड आणि हरीण यांची शिकार होते ती भुकेपोटी. प्राण्यांविषयीचे प्रेम आणि माणसांची भूक या दोन गोष्टी लेखक एकमेकींविरुद्ध उभ्या करत नाही. वाचकाच्या मनात त्या आपोआप शेजारी येतात, आणि पुस्तक संपताना त्याला शिकाऱ्याचाही राग उरत नाही.

२००८ हे वर्ष या वाचनाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. ९ फेब्रुवारी रोजी बाबा आमटे यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या काळात प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन समकालीन प्रकाशनाने काढले. बोलण्यात अबोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने सांगितलेली ही हकिगत आहे आणि तिचे बळ त्या अबोलपणातच आहे. वाक्ये लहान आहेत. मोठ्या गोष्टी सहज सांगून पुढे जाण्याची रीत आहे. शिक्षण नसताना केलेल्या शस्त्रक्रिया, कंदिलाच्या उजेडातली बाळंतपणे, लोकांच्या अंगावर कपडे नाहीत म्हणून स्वतः बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आलेला डॉक्टर, माडिया भाषेचा एकेक शब्द विचारून वहीत लिहून घेणे, हे सगळे एकाच सुरात येते. वाचकाचा घसा दाटतो तो ज्या जागी लेखक थांबत नाही त्या जागी.

या पुस्तकांच्या वाचनाचा परिणाम मराठीत तरी वेगळाच झाला. वाचक उठून तिथे जाऊ लागला. नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली आणि मग सागाच्या जंगलातून हेमलकसा, ही वाट शाळांच्या सहली, महाविद्यालयीन गट, निवृत्त शिक्षक आणि तरुण डॉक्टर यांनी रुळवली. आळंदी-पंढरपूरला जावे तशा ओढीने लोक आनंदवन, सोमनाथ आणि हेमलकसा एकाच फेरीत करतात. काही जण मदत पाठवतात, काही जण वर्ष-दोन वर्षे राहून काम करतात. २०१४ साली नाना पाटेकर यांची प्रमुख भूमिका असलेला, समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रियल हीरो’ हा चित्रपट आला आणि ही गर्दी आणखी वाढली. पुस्तक वाचून माणूस बदलतो, हे वाक्य समीक्षेत सहज लिहिले जाते. इथे ते दवाखान्याच्या आणि आश्रमशाळेच्या कामात मोजता येण्याजोगे झाले, ही मराठी वाचनसंस्कृतीला भूषणावह गोष्ट आहे.

तरी या वाचनात एक उणीव राहते आणि ती गंभीर आहे. आत्मकथन वाचणारा नेहमी सांगणाऱ्याच्या खांद्यामागे उभा राहून पाहतो. ‘प्रकाशवाटा’ वाचताना तो डॉक्टरच्या बाजूने रुग्णाकडे पाहतो. रुग्ण कसा आला, काय बोलला, बरा झाला की नाही, हे त्याला कळते. दवाखान्यात येण्याआधी रुग्णाच्या घरात रात्रभर काय चर्चा झाली, पुजाऱ्याला सोडून या परक्या माणसाकडे जायचे हा निर्णय कुणी घेतला, त्यासाठी कोण कुणाशी भांडले, ही दुसरी अर्धी गोष्ट पुस्तकाबाहेर राहते. हा लेखकाचा दोष म्हणता येत नाही. स्वतःची गोष्ट सांगणाऱ्याने दुसऱ्याच्या मनातले आपणच बोलणे हे आत्मकथनाच्या प्रामाणिकपणाला धरून नसते.

विलास मनोहर यांनी म्हणूनच दुसरे पुस्तक लिहिताना रूप बदलले असावे. ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी आहे. ती लेखकाच्या आयुष्याची गोष्ट नाही. पण तिचा कच्चा माल त्यांनी भामरागड परिसरात राहून पाहिलेला आणि ऐकलेला आहे. त्या अर्थाने ती साक्षीदाराची आत्मचरित्रात्मक कादंबरी ठरते. माडिया तरुण, त्याचे घर, त्याचे प्रेम, त्याची शेती आणि जंगल यांतून ती सुरू होते आणि वनरक्षक, पोलीस, ठेकेदार यांच्या रोजच्या जाचातून त्याला बंदुकीपर्यंत घेऊन जाते.

या कादंबरीमागचा इतिहास थोडक्यात असा. जमीनदारी १९५१ साली गेली, पण जमीनदाराच्या जागी आलेले वनखाते गावकऱ्याला अधिकच अपरिचित होते. घर बांधायला लाकूड आणले तरी गुन्हा, पेंदा, म्हणजे जंगल जाळून फिरती शेती, करून धान पेरले तरी गुन्हा, आणि गुन्हा मिटवायला कोंबडा, मोहाची दारू किंवा फुकट मजुरी. तेंदूपानांच्या पुड्याला आणि बांबूच्या तोडणीला ठेकेदार देईल तो दर. अशा वेळी १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवादी गोदावरी ओलांडून आले. त्यांच्यातला पेड्डी शंकर हा तरुण नोव्हेंबर १९८० मध्ये सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबिनपेठा इथे पोलिसांच्या गोळीने मेला. पुढच्या वर्षांत त्यांनी तेंदूपानांचा दर वाढवून घेतला, वनकर्मचाऱ्यांना धाक बसवला आणि लोकांच्या मनात जागा मिळवली. त्यानंतर खबऱ्या म्हणून मारले गेलेले लोक, भूसुरुंग, शोधमोहिमा आणि दोन्ही बाजूंच्या बंदुकांत अडकलेली गावे असा पट सुरू झाला. पोलिसांत भरती झालेला आणि नक्षलवाद्यांच्या दलममध्ये गेलेला, दोघेही बहुतेक वेळा याच गावांतले आदिवासी तरुण होते.

कादंबरी वाचणाऱ्याला हे सगळे आकडे आणि तारखांविना कळते. वर्तमानपत्रात ‘चकमकीत ठार’ एवढ्यावर संपणारी बातमी तिच्यात एका माणसाचे पूर्ण आयुष्य होऊन येते. हिंसेचे समर्थन तिच्यात नाही. माणूस तिथवर का पोचला, याची एकेक पायरी दाखवणे आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला नक्षलवादाचा प्रश्न जंगलाच्या हक्काशी आणि रोजच्या अपमानाशी जोडलेला आहे हे पटवण्यात या एका पुस्तकाचा वाटा अनेक सरकारी समित्यांहून मोठा आहे. मात्र इथेही माडियाचे मन लिहिणारा हात पुण्याहून आलेल्या माणसाचाच आहे. त्याने ते ममत्वाने आणि जबाबदारीने लिहिले, हे खरे. तरी ते उसने मन आहे, याची जाणीव सजग वाचकाने ठेवली पाहिजे.

धानोरा तालुक्यात याच सुमाराला ऐकून लिहिण्याची वेगळी रीत तयार होत होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत काम सुरू केले आणि पुढे चातगावजवळ शोधग्राम वसवले. लोकांना कसा दवाखाना हवा हे विचारून त्यांच्या झोपड्यांसारख्या रचनेचा दवाखाना बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे आत्मकथन घरोघर वाचले गेले. त्याचा विषय स्वतःचे शरीर आणि जगण्याची धाव, जिल्हा पार्श्वभूमीला. राणी बंग यांच्या ‘गोईण’चा ‘मी’ मात्र वेगळा आहे. गडचिरोलीच्या बायका झाडांविषयी जे सांगतात ते या पुस्तकात आहे: कोणते झाड बाळंतिणीला, कोणते दुष्काळात खायला, कोणत्या झाडाशी कोणते नाते. लेखिका बाजूला होते आणि बायकांचे बोलणे पुढे येते. शेजारच्या मेंढा (लेखा) गावाची हकिगत मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’मध्ये लिहिली. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत या गावाने सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही गावाकडे आला. ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ वाचून खिन्न झालेल्या वाचकाने हे पुस्तक त्याच्या पाठोपाठ वाचावे. ज्या जाचातून एक तरुण बंदुकीकडे गेला, त्याच जाचाला एका गावाने ग्रामसभेतून दिलेले उत्तर त्यात आहे.

आदिवासींनी स्वतः लिहिलेले साहित्य या भागात नाही असे नव्हे. उषाकिरण आत्राम गोंडी आणि मराठी दोन्ही भाषांत कविता लिहितात. व्यंकटेश आत्राम यांचे ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ हे अभ्यासकांचे आधारपुस्तक आहे. कविता आणि संस्कृतीचा शोध यांत गोंड लेखकांनी मोठे काम केले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, धुळे-नंदुरबारच्या बाजूला, नजूबाई गावित यांनी आपल्या आयुष्यावर आधारलेल्या कादंबऱ्या लिहून दाखवल्या. माडिया माणसाची तशी कादंबरी, जिला ‘प्रकाशवाटा’एवढा वाचक लाभला आहे, अजून मराठीच्या कपाटात नाही. कारणे उघड आहेत. शाळेची भाषा मराठी, घरची भाषा माडिया. शिकलेली पहिली पिढी डॉक्टर, शिक्षक, वकील आणि वनकर्मचारी झाली, कारण घरची आणि गावाची गरज ती होती. २०१९ साली धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ही त्या दृष्टीने मोठी घटना आहे. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते त्याच भाषेत मूल लिहू लागले तर कादंबरी दूर नाही.

२०१२ साली चंद्रपूरला पुन्हा साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष होते वसंत आबाजी डहाके. १९७९ आणि २०१२ या दोन संमेलनांच्या मधल्या काळात हेमलकशाच्या आश्रमशाळेची मुले पदवीधर झाली. या जंगलाविषयीची मराठीतली बरीच महत्त्वाची पुस्तकेही याच काळातली आहेत. वाचकाला एवढेच सांगायचे की ती सुटी सुटी वाचू नयेत. ‘समिधा’, ‘नेगल’, ‘प्रकाशवाटा’, ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’, ‘गोईण’ आणि ‘गोष्ट मेंढा गावाची’ ही सहा पुस्तके एकापाठोपाठ घ्यावीत. आणि हेमलकशाला जाणे झालेच, तर तिथल्या आश्रमशाळेतून शिकून गेलेल्या माणसाला त्याची गोष्ट लिहायला सांगावे, व ती छापण्याचा खर्च वाचकांनी उचलावा.